शुक्रजंतूंची संख्या खरोखर निम्मी झाली का? स्कॅकेबेक यांचे संशोधन आणि हातातला रिपोर्ट

प्रश्नकर्त्यांचे वय ३३ आहे आणि पत्नीचे २९. दीड वर्षापासून मूल व्हावे म्हणून प्रयत्न सुरू आहेत. वीर्यतपासणीत शुक्रजंतूंची संख्या दर मिलिलिटरला २४ दशलक्ष, वीर्याचे प्रमाण २.२ मिलिलिटर, पुढे सरकणारे शुक्रजंतू ३४ टक्के आणि योग्य आकाराचे ५ टक्के आले आहेत. (रिपोर्टवर ज्याला मिलियन म्हणतात त्यालाच मी दशलक्ष म्हणतो आहे.) एका ठिकाणी त्यांना थेट इक्सी, म्हणजे एकच शुक्रजंतू सुईने बीजांडात सोडण्याची प्रक्रिया, करून घेण्याचा सल्ला मिळाला. त्याच सुमारास पन्नास वर्षांत पुरुषांचे शुक्रजंतू निम्म्यावर आल्याची बातमी त्यांच्या वाचनात आली आणि तिच्यात डेन्मार्कच्या स्कॅकेबेक नावाच्या शास्त्रज्ञाचा उल्लेख होता. हे संशोधन कितपत खरे, आपली संख्या प्लॅस्टिकने किंवा मोबाइलने घटली आहे का, आणि इक्सीची घाई करावी का, असे तीन प्रश्न त्यांनी विचारले आहेत.

तिन्हींचे उत्तर एकमेकांत गुंतलेले आहे, म्हणून मी ते सलगच देतो. आरंभी एवढे सांगून ठेवतो की जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये दिलेल्या खालच्या मर्यादांच्या, म्हणजे दर मिलिलिटरला १६ दशलक्ष, एकूण ३९ दशलक्ष, पुढे सरकणारे ३० टक्के आणि योग्य आकाराचे ४ टक्के यांच्या, तुमचा रिपोर्ट वरच आहे. तुमची एकूण संख्या ५० दशलक्षांहून थोडी अधिक भरते. त्यामुळे तुमच्या बाबतीत ‘शुक्रजंतू कमी आहेत’ हे निदानच घाईचे आहे. पण मर्यादेच्या वर असणे म्हणजे सारे उत्तम असणे, असेही नाही. त्याचे कारण पुढे येईल.

नील्स एरिक स्कॅकेबेक हे कोपनहेगनच्या रिग्सहॉस्पिटालेट या मोठ्या सरकारी रुग्णालयातले बालरोग व संप्रेरकतज्ज्ञ. पुरुष वंध्यत्वाच्या क्षेत्रात एक बालरोगतज्ज्ञ एवढा महत्त्वाचा का ठरला, हे समजले की त्यांच्या कामाचा गाभा समजतो. १९७२ साली त्यांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात एक छोटा लेख लिहिला. मूल होत नाही म्हणून तपासणीस आलेल्या दोन पुरुषांच्या वृषणांच्या बायोप्सीमध्ये त्यांना काही विचित्र पेशी दिसल्या होत्या. त्या वेळी वृषणात गाठ नव्हती, दुखणे नव्हते. पुढे त्या दोघांनाही वृषणाचा कर्करोग झाला. या पेशी म्हणजे कर्करोगाची आधीची पायरी असावी, असा तर्क त्यांनी मांडला. सुरुवातीला अनेक विकृतिशास्त्रज्ञांना तो पटला नाही, परंतु पुढच्या वर्षांत कोपनहेगनमध्येच जमलेल्या पुराव्याने तो खरा ठरला. उपचार न केल्यास अशा पेशी असलेल्या सुमारे निम्म्या पुरुषांत पाच वर्षांच्या आत प्रत्यक्ष कर्करोग होतो, हे आज मान्य झालेले आहे.

त्याहून महत्त्वाची गोष्ट नंतर उघड झाली. या विचित्र पेशी प्रौढ पुरुषाच्या शुक्रजंतू बनवणाऱ्या पेशींसारख्या नव्हत्या, गर्भातल्या बाळाच्या वृषणात असतात तशा अपक्व बीजपेशींसारख्या होत्या. जन्मानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत ज्या पेशींनी पक्व होऊन जायला हवे होते, त्या काहींच्या वृषणात तशाच राहून गेल्या आणि वयात येताना संप्रेरकांच्या लाटेबरोबर जाग्या झाल्या. म्हणजे पंचविशी-तिशीतल्या तरुणाला होणाऱ्या रोगाची सुरुवात आईच्या पोटात झाली होती. माझ्या मते स्कॅकेबेक यांच्या साऱ्या कामातला हा सर्वांत टिकाऊ भाग आहे, आणि बातम्यांत तो जवळपास कधीच येत नाही.

बातम्यांत येतो तो १९९२ चा लेख. एलिझाबेथ कार्लसन, अलेक्झांडर गिवरकमन, संख्याशास्त्रज्ञ नील्स काइडिंग आणि स्कॅकेबेक यांनी १९३८ ते १९९१ या काळात प्रसिद्ध झालेले ६१ अभ्यास एकत्र केले. त्यांत एकूण १४,९४७ पुरुष होते आणि वंध्यत्वाच्या तक्रारीमुळे तपासलेले पुरुष मुद्दाम वगळले होते. त्यांच्या गणितानुसार सरासरी संख्या १९४० मध्ये दर मिलिलिटरला ११३ दशलक्ष होती, ती १९९० मध्ये ६६ दशलक्षांवर आली. वीर्याचे सरासरी प्रमाणही ३.४० मिलिलिटरवरून २.७५ वर आले. ही घट सुमारे ४२ टक्क्यांची आहे. ‘निम्मी’ हा शब्द वर्तमानपत्रांनी दिला आणि तो मग पक्का झाला.

या लेखावर जी टीका झाली ती तुम्ही समजून घ्यावी, कारण तीच टीका तुमच्या एका रिपोर्टलाही लागू पडते. पहिला आक्षेप असा की १९७० पूर्वीचे अभ्यास मोजके होते आणि त्यांतले बहुतेक अमेरिकेतले, त्यातही न्यूयॉर्कचे होते. १९९६ मध्ये हॅरी फिश व सहकाऱ्यांनी अमेरिकेतील तीन ठिकाणच्या, नसबंदीपूर्वी वीर्य साठवून ठेवणाऱ्या १,२८३ पुरुषांची नोंद तपासली, तेव्हा न्यूयॉर्कची सरासरी १३१ दशलक्षांच्या पुढे आणि लॉस एंजेलिसची ७३ च्या आसपास निघाली. एकाच देशातल्या दोन शहरांत एवढा फरक असेल, तर जुने आकडे न्यूयॉर्कचे आणि नवे आकडे जगभरचे घेऊन काढलेली उतरती रेषा काळाची किती आणि भूगोलाची किती, हा प्रश्न रास्तच आहे. दुसरा आक्षेप गणिताचा होता. १९७० नंतरच्या वीस वर्षांचाच भाग वेगळा काढला, तर त्यात घट दिसत नाही, असे १९९५ मध्ये दाखवून देण्यात आले. तिसरा आक्षेप मोजणीचा होता: किती दिवसांच्या संयमानंतर (म्हणजे वीर्यस्खलन टाळल्यानंतर) नमुना घेतला, कोणत्या मोजणीपट्टीवर मोजला, नमुना देणारा पुरुष कोण होता, हे साठ अभ्यासांत साठ प्रकारचे होते.

दुसऱ्या बाजूलाही वजन कमी नव्हते. पॅरिसच्या वीर्यपेढीत एकाच प्रयोगशाळेने, एकाच पद्धतीने तपासलेल्या, आधी मूल झालेल्या १,३५१ दात्यांमध्ये १९७३ च्या ८९ दशलक्षांवरून १९९२ मध्ये ६० दशलक्षांपर्यंत घट दिसली. त्याच फ्रान्समध्ये तुलूजला मात्र तशी घट दिसली नाही. त्यानंतर २०१७ मध्ये हगाय लेविन, शॅना स्वान आणि सहकाऱ्यांनी अधिक काटेकोर निकष लावून १८५ अभ्यास व ४२,९३५ पुरुष यांचा आढावा घेतला. उत्तर अमेरिका, युरोप, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड येथील पुरुषांची सरासरी १९७३ मधल्या ९९ दशलक्षांवरून २०११ मध्ये ४७ दशलक्षांवर आल्याचे त्यांनी दाखवले. ही घट ५२.४ टक्के आहे, आणि तुम्ही वाचलेली ‘निम्मे’ ही बातमी बहुधा या किंवा याच गटाने नंतर दक्षिण अमेरिका, आशिया व आफ्रिका धरून केलेल्या आढाव्यावर आधारलेली असावी. मोजणीच्या पद्धतींचा वाद याही आढाव्यांभोवती पूर्ण मिटलेला नाही.

स्कॅकेबेक यांच्याबद्दल मला आदर वाटतो तो ते या वादात जिथे गेले त्यामुळे. जुने कागद पुन्हा पुन्हा उकरण्यापेक्षा पुढे मोजत राहायचे, असे त्यांच्या विभागाने ठरवले. डेन्मार्कमध्ये तरुणांना सक्तीच्या सैनिकी सेवेसाठी शारीरिक तपासणीला यावे लागते. १९९६ पासून त्या तरुणांना या अभ्यासात भाग घेण्याची विनंती करण्यात आली आणि दरवर्षी तेच प्रश्न, तीच प्रयोगशाळा, तीच पद्धत असा क्रम चालू राहिला. पंधरा वर्षांत ४,८६७ तरुण तपासून झाल्यावर २०१२ मध्ये निकाल आला, तो असा की संख्या घटलेली नाही. उलट मध्यक (निम्मे तरुण ज्याच्या वर आणि निम्मे ज्याच्या खाली असतात तो आकडा) ४३ वरून ४८ दशलक्षांपर्यंत किंचित वाढला आहे. ज्या गटाचे नाव ‘घटते शुक्रजंतू’ या सिद्धान्ताशी कायमचे जोडले गेले होते, त्याच गटाने आपल्या देशात या पंधरा वर्षांत घट दिसत नसल्याचे स्वतःच छापले. त्याबरोबर त्यांनी हेही दाखवले की या तरुणांपैकी संख्या आणि आकार दोन्ही उत्तम असलेले केवळ २३ टक्के होते. म्हणजे पातळी घसरत नव्हती, तरी खालीच स्थिरावली होती.

ती खाली का असावी, या प्रश्नाकडे वळताना पुन्हा १९७२ च्या त्या पेशींकडे यावे लागते. डेन्मार्कमध्ये वृषणाच्या कर्करोगाचे प्रमाण जगातल्या सर्वाधिक प्रमाणांपैकी एक आहे आणि उत्तर युरोपातल्याच फिनलंडमध्ये ते बरेच कमी आहे. फिनलंडच्या तरुणांची शुक्रजंतूंची संख्या डेन्मार्कच्या तरुणांपेक्षा चांगली निघाली. नवजात मुलग्यांची एकाच पद्धतीने तपासणी केली तेव्हा वृषण अंडकोषात न उतरलेली बाळे डेन्मार्कमध्ये ९ टक्के आणि फिनलंडमध्ये २.४ टक्के आढळली. मूत्रमार्गाचे छिद्र जागेवर नसण्याचा जन्मजात दोषही डेन्मार्कमध्ये अधिक होता. कर्करोग, कमी शुक्रजंतू, न उतरलेले वृषण आणि मूत्रमार्गाचा दोष या चार गोष्टी वेगवेगळ्या डॉक्टरांकडे, वेगवेगळ्या वयात जातात. त्या एकाच मुळाच्या फांद्या असाव्यात, असे स्कॅकेबेक व सहकाऱ्यांनी २००१ मध्ये मांडले आणि त्या साऱ्याला वृषणाच्या सदोष घडणीचा लक्षणसमूह असे नाव दिले.

हे मूळ जनुकांत आहे की परिस्थितीत, यावर मला सर्वांत पटणारा पुरावा स्थलांतराचा वाटतो. फिनलंडमधून स्वीडनला गेलेल्या पुरुषांत वृषणाच्या कर्करोगाचे प्रमाण फिनलंडइतकेच कमी राहिले, पण स्वीडनमध्ये जन्मलेल्या त्यांच्या मुलांत ते स्वीडनच्या पातळीला पोचले. एका पिढीत जनुके बदलत नाहीत. आणखी एक निरीक्षण असे की स्कँडिनेव्हियातील दुसऱ्या महायुद्धाच्या वर्षांत जन्मलेल्या पुरुषांत हा कर्करोग आगेमागे जन्मलेल्यांपेक्षा कमी दिसला. युद्धकाळात आईच्या आहारात, तंबाखूत, दैनंदिन जीवनात काय बदलले असेल याचे अनेक तर्क आहेत. त्यांतला कोणता बरोबर हा भाग बाजूला ठेवला तरी कारण जन्माच्या आसपासचे असावे एवढे यातून दिसते.

गर्भातल्या मुलग्याचे वृषण साधारण सातव्या-आठव्या आठवड्यापासून घडू लागते. त्यात सर्टोली नावाच्या आधारपेशी तयार होतात, आणि टेस्टोस्टेरॉन बनवणाऱ्या लेडिग पेशी त्यांच्या शेजारी येतात. पुढचे काही आठवडे हे टेस्टोस्टेरॉन पुरेसे असेल तरच मूत्रमार्ग नीट जुळतो आणि पुढे वृषण खाली उतरते. मोठेपणी शुक्रजंतू किती बनणार हे मुख्यतः सर्टोली पेशींच्या संख्येवर ठरते, कारण एक सर्टोली पेशी ठरावीक शुक्रजंतूंनाच पोसू शकते. या पेशींची वाढ गर्भात, जन्मानंतरच्या पहिल्या महिन्यांत आणि वयात येण्याच्या सुमारास होते, आणि नंतर ती संख्या कायम राहते. तुमच्या २४ दशलक्षांपैकी किती तुमच्या आजच्या सवयींनी ठरले आणि किती तुमच्या जन्मापूर्वी ठरले, हे वीर्याच्या तपासणीत वेगळे करून दाखवता येत नाही.

आता प्लॅस्टिक. १९९३ मध्ये एडिंबराचे रिचर्ड शार्प आणि स्कॅकेबेक यांनी प्रश्न उपस्थित केला की गर्भावस्थेत स्त्री-संप्रेरकांसारखी क्रिया करणाऱ्या पदार्थांशी येणारा संपर्क या साऱ्यामागे असेल का. पुढे लक्ष स्त्री-संप्रेरकांवरून पुरुष-संप्रेरकांना अडथळा करणाऱ्या पदार्थांकडे वळले, त्यात थॅलेट नावाची रसायने प्रमुख आहेत. कडक पीव्हीसी लवचीक करण्यासाठी ती वापरतात. गाभण उंदरांना ठरावीक थॅलेट भरपूर प्रमाणात दिले, तर नर पिल्लांत वृषण न उतरणे, मूत्रमार्गाचा दोष आणि कमी शुक्रजंतू हे सारे दिसते. माणसांत मात्र पुरावा सहसंबंधाचा आहे: २००५ मध्ये स्वान यांनी दाखवले की गर्भारपणी आईच्या लघवीत काही थॅलेटची मात्रा अधिक असेल, तर मुलग्यात गुदद्वार व जननेंद्रिय यांमधले अंतर कमी असते, आणि हे अंतर गर्भातल्या टेस्टोस्टेरॉनची खूण मानले जाते. एवढ्यावरून पाण्याची बाटली बदलल्याने ३३ व्या वर्षी तुमची संख्या वाढेल, असे कोणी सांगत असेल तर ते या संशोधनातून निघत नाही. या संशोधनाचा रोख गर्भवती स्त्रीच्या शरीरात काय जाते याकडे आहे.

प्रौढ वयातही रसायनांनी वृषण उद्ध्वस्त होऊ शकते, याबद्दल शंका नाही. १९७७ मध्ये कॅलिफोर्नियातील एका कारखान्यात डीबीसीपी हे सूत्रकृमिनाशक बनवणाऱ्या कामगारांनी आपापसांत बोलताना ओळखले की आपल्यापैकी कोणालाच मुले होत नाहीत. तपासणीत अनेकांच्या वीर्यात शुक्रजंतूच नव्हते किंवा अत्यल्प होते. आपल्याकडे केरळच्या कासरगोडमध्ये काजूच्या बागांवर हेलिकॉप्टरने एंडोसल्फान हे कीटकनाशक फवारले जात असे, आणि अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेच्या २००३ च्या अभ्यासात तिथल्या मुलग्यांचे वयात येणे लांबल्याचे दिसले. तुम्ही कीटकनाशके, शिसे किंवा सॉल्व्हंट हाताळत असाल, भट्टीजवळ तासन्‌तास उभे राहत असाल, तर ते आवर्जून डॉक्टरांना सांगा. कार्यालयात बसून काम करणाऱ्याला या यादीतले फारसे काही लागू होत नाही.

मोबाइलबद्दल थोडक्यात: २०२३ मध्ये स्वित्झर्लंडच्या २,८८६ तरुणांच्या अभ्यासात फोन वारंवार वापरणाऱ्यांत संख्या काहीशी कमी आढळली, पण फोन पँटच्या खिशात ठेवण्याशी संबंध आढळला नाही. लॅपटॉप मांडीवर ठेवू नये, कारण वृषणाला शरीरापेक्षा दोन ते चार अंश थंड राहावे लागते. याहून अधिक वेळ मी या विषयावर घालवत नाही.

डेन्मार्कचे आकडे भारतावर जसेच्या तसे लावू नयेत, असेही मी सांगेन. वृषणाच्या कर्करोगाचे प्रमाण भारतात जगातल्या सर्वांत कमी प्रमाणांपैकी आहे, त्यामुळे त्या चार फांद्यांपैकी एक फांदी आपल्याकडे फारच बारीक आहे. शिवाय आपल्याकडचे बरेचसे आकडे वंध्यत्वाच्या दवाखान्यात आलेल्या पुरुषांचे असतात. दवाखान्यात कोण येतो हे दहा-वीस वर्षांत बदलते. पूर्वी पत्नीचीच तपासणी वर्षानुवर्षे चालायची आणि नवऱ्याचा नमुना सगळ्यात शेवटी मागितला जायचा, आज तो पहिल्या भेटीतच मागितला जातो. अशा दोन काळांतल्या सरासरींची तुलना करून पुरुषांची प्रजननक्षमता वाढली की घटली, हे सांगणे धाडसाचे आहे.

मग तुमच्या २४ दशलक्षांचा अर्थ काय? जागतिक आरोग्य संघटनेची १६ दशलक्षांची मर्यादा ज्या पुरुषांमुळे वर्षभराच्या आत गर्भधारणा झाली, त्यांच्यापैकी सर्वांत खालच्या ५ टक्क्यांच्या सीमेवर आखलेली आहे. तिच्या खाली असलेल्यालाही मूल होऊ शकते आणि वर असलेल्यालाही उशीर होऊ शकतो. डेन्मार्कमध्ये पहिल्या गर्भधारणेचा प्रयत्न करणाऱ्या ४३० जोडप्यांचा अभ्यास १९९८ मध्ये प्रसिद्ध झाला. स्कॅकेबेक हे त्याच्या लेखकांपैकी होते. त्यात संख्या दर मिलिलिटरला ४० दशलक्षांपर्यंत वाढत जाते तशी दरमहा गर्भ राहण्याची शक्यता वाढताना दिसली, आणि त्यापुढे संख्या कितीही वाढली तरी फरक पडला नाही. तुम्ही १६ आणि ४० यांच्या मध्ये आहात. गर्भ राहायला सरासरीपेक्षा थोडा अधिक वेळ लागू शकेल, एवढाच त्याचा अर्थ. आणि पत्नीचे वय २९ असल्याने तो वेळ तुमच्याजवळ आहे.

त्यातही हा एका नमुन्याचा निकाल आहे. एकाच पुरुषाच्या दोन नमुन्यांत दुपटी-तिपटीचा फरक पडणे नेहमीचे आहे. ताप, विषाणूजन्य आजार किंवा एखादे औषध यांचा परिणाम पुढचे दोन-तीन महिने दिसू शकतो, कारण एक शुक्रजंतू बनायला सुमारे ७४ दिवस आणि मग अधिवृषणातून (वृषणाला लागून असलेल्या नळीतून) प्रवास करायला आणखी काही दिवस लागतात. म्हणून दोन ते सात दिवसांच्या संयमानंतर, शक्य तर आधीच्याच प्रयोगशाळेत, काही आठवड्यांनी दुसरा नमुना द्यावा. नमुना घरून नेणार असाल तर तो तासाभरात पोचवावा आणि थंड होऊ देऊ नये.

इक्सीचा सल्ला एवढ्या लवकर का मिळतो, हे समजण्यासाठी पुन्हा १९९२ कडे पाहावे लागेल. ज्या वर्षी कोपनहेगनहून शुक्रजंतू घटत असल्याचा लेख आला, त्याच वर्षी ब्रुसेल्समध्ये जियानपिएरो पालेर्मो आणि सहकाऱ्यांनी एकच शुक्रजंतू सुईने बीजांडात सोडून, म्हणजे इक्सीने, गर्भधारणा साधल्याचे जाहीर केले. ज्यांच्या वीर्यात शेकड्यांनीही शुक्रजंतू मिळत नव्हते, अशा पुरुषांना त्यामुळे स्वतःचे मूल होऊ लागले, आणि हा शोध फार मोठा आहे यात मला शंका नाही. पण एका शुक्रजंतूने काम भागते म्हटल्यावर, तो का कमी आहे हा प्रश्न विचारण्याची गरजच अनेक ठिकाणी वाटेनाशी झाली. पुरुषाला न तपासताच, त्याच्या वृषणांना हातही न लावता जोडप्याला इक्सीच्या यादीत घातले जाते. मला ही पद्धत चुकीची वाटते, आणि तिचा दोष तंत्राला देता येत नाही.

तपासणी का हवी, याची कारणे स्कॅकेबेक यांच्या कामातच आहेत. वंध्यत्वाच्या तक्रारीने आलेल्या पुरुषांत वृषणाचा कर्करोग इतरांपेक्षा अधिक सापडतो. लहानपणी वृषण न उतरलेले असेल, एक वृषण दुसऱ्यापेक्षा बरेच लहान असेल किंवा सोनोग्राफीत बारीक कॅल्शियमचे कण विखुरलेले असतील, तर अधिकच काळजीपूर्वक पाहावे लागते. भारतात ही शक्यता फार थोडी असली तरी हाताने तपासायला दोन मिनिटे लागतात. त्याच दोन मिनिटांत व्हेरिकोसील, म्हणजे वृषणाच्या शिरा फुगलेल्या असणे, कळते. सर्वसाधारण पुरुषांपैकी सुमारे १५ टक्क्यांत आणि वंध्यत्वाने आलेल्या पुरुषांपैकी सुमारे ३५ टक्क्यांत ते सापडते. हाताला लागणारे व्हेरिकोसील आणि बिघडलेला रिपोर्ट एकत्र असतील तर शस्त्रक्रियेचा विचार होतो. केवळ सोनोग्राफीत दिसणाऱ्या बारीक शिरांसाठी ती करू नये. संख्या दर मिलिलिटरला ५ दशलक्षांहून कमी असती, तर मी तुम्हाला गुणसूत्रांची आणि वाय गुणसूत्रातील तुटीची रक्ततपासणी करायला सांगितली असती, कारण अशी तूट इक्सीने जन्मलेल्या मुलग्याकडे जशीच्या तशी जाते. तुमच्या बाबतीत ती गरज नाही.

इक्सीने झालेल्या मुलग्यांबद्दल ब्रुसेल्सच्याच गटाने २०१६ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. वडिलांच्या शुक्रजंतूंच्या दोषामुळे इक्सी करून जन्मलेले ५४ तरुण १८ ते २२ वर्षांचे झाल्यावर तपासले, तेव्हा त्यांच्या शुक्रजंतूंच्या संख्येचा मध्यक दर मिलिलिटरला १७.७ दशलक्ष निघाला. नैसर्गिक गर्भधारणेतून जन्मलेल्या ५७ समवयस्कांत तो ३७ दशलक्ष होता. तपासलेल्या तरुणांची संख्या लहान आहे, आणि हा फरक सुईने आणला की वडिलांकडून आला हे सांगायचे तर वडिलांकडून आल्याची शक्यता अधिक. गरज असेल तेव्हा इक्सी नाकारण्याचे हे कारण नाही, पण गरज नसताना ती सुचवली जाते तेव्हा हा मुद्दा कोणी पालकांपुढे ठेवत नाही.

सवयींबद्दल मला स्पष्ट बोलावे लागेल. बिडी, सिगारेट, गुटखा, तंबाखू हे सारे बंद करावे. पोटाचा घेर वाढला असेल तर तो कमी करावा. दारू मर्यादेत नव्हे, या काही महिन्यांसाठी सोडलीच तर बरे. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे जिममध्ये कोणी ताकदीसाठी इंजेक्शन दिले असेल, किंवा ‘मर्दानगी’ वाढवण्यासाठी टेस्टोस्टेरॉन लिहून दिले असेल, तर ते सांगताना संकोच करू नका. बाहेरून टेस्टोस्टेरॉन मिळाले की मेंदूतून वृषणाला जाणारा संदेश थांबतो आणि शुक्रजंतू बनणे जवळपास बंद पडते. औषध थांबवल्यावर ते बहुतेकांत पुन्हा सुरू होते, पण त्याला काही महिने, कधी वर्षाहून अधिक काळ जातो. अनेक कुटुंबांत संख्या कमी म्हटल्यावर हेच औषध ‘शक्तीसाठी’ सुचवले जाते, आणि त्याने नेमके उलटे होते.

शुक्रजंतूंची संख्या ही केवळ मूल होण्याची बाब नाही, असेही कोपनहेगनच्या त्याच विभागातल्या कामातून पुढे आले आहे. ७८,२८४ पुरुषांच्या वीर्यतपासणीच्या नोंदी त्यांच्या पुढच्या आयुष्याशी जोडून २०२५ मध्ये जो निष्कर्ष प्रसिद्ध झाला, त्यात एकूण हालचाल करणारे शुक्रजंतू १२० दशलक्षांहून अधिक असलेल्या पुरुषांचे आयुर्मान ५ दशलक्षांपर्यंतच असलेल्यांपेक्षा सुमारे पावणेतीन वर्षांनी अधिक दिसले. यावरून तुमचे आयुष्य मोजायला बसू नका. तुम्ही त्या खालच्या गटात नाही. पण ज्याचा रिपोर्ट फारच खराब आहे, त्याचा रक्तदाब, साखर आणि वजन पाहण्याची संधी डॉक्टरांनी दवडू नये, असा त्याचा व्यावहारिक उपयोग मी करतो.

तेव्हा पुढचा क्रम मी असा ठेवीन. दुसरा नमुना द्यावा आणि एखाद्या मूत्ररोगतज्ज्ञाकडून किंवा पुरुष प्रजननाचे काम करणाऱ्या डॉक्टरांकडून प्रत्यक्ष शारीरिक तपासणी करून घ्यावी. त्याच वेळी पत्नीच्या बीजोत्सर्गाची, गर्भनलिकांची आणि अंडाशयातील साठ्याची तपासणी व्हावी. दीड वर्ष झाले आहे, त्यामुळे ती आता टाळू नये. नलिका मोकळ्या आणि दुसरा नमुनाही असाच असेल, तर काही महिने योग्य दिवसांत नैसर्गिक प्रयत्न, आणि मग आवश्यकता वाटल्यास कृत्रिम वीर्यरोपण हा मार्ग तुमच्या वयात मोकळा आहे. नलिका बंद असतील किंवा दुसऱ्या नमुन्यात संख्या बरीच खाली आली, तर आयव्हीएफ (शरीराबाहेर, प्रयोगशाळेत गर्भधारणा घडवणे) वा इक्सीचा विचार तेव्हा करता येईल.

पत्नीसाठी एक सूचना आहे, आणि स्कॅकेबेक यांचे संशोधन खऱ्या अर्थाने तिथे लागू होते. गर्भ राहण्यापूर्वीपासून घरात कोणीही धूम्रपान करू नये. गर्भारपणी आई धूम्रपान करत असेल तर मुलग्यांच्या शुक्रजंतूंची संख्या मोठेपणी सुमारे एक पंचमांशाने कमी असते, असे डेन्मार्क, नॉर्वे, फिनलंड आणि बाल्टिक देशांतील तरुणांत दिसले आहे. मुलगा झाला तर दोन्ही वृषणे जागेवर आहेत का, हे बालरोगतज्ज्ञाला जन्मतःच विचारून घ्यावे. एखादे खाली नसेल तर सहा महिन्यांनी पुन्हा दाखवावे. सहा महिन्यांनंतर ते आपोआप उतरण्याची शक्यता फार थोडी असते, आणि ‘मोठा झाला की उतरेल’ म्हणून आपल्याकडे पाच-सहा वर्षे वाट पाहिली जाते, ती पाहू नये. शस्त्रक्रिया वर्षाच्या आसपास, फार तर दीड वर्षापर्यंत व्हावी.